न मागता दिलेला पासपोर्ट

पहिल्या दिवशी कोचनी पासपोर्ट काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी मागितला नव्हता. मी त्यांच्या मेडिकलचा फॉर्म शोधत होते आणि तोंडाने नुसतं "वन मिनिट, वन मिनिट" चाललं होतं. वर पाहिलं तर समोर सहा फुटी, पांढऱ्या केसांचा, सत्तरीला टेकलेला माणूस, आणि टेबलावर पासपोर्ट. माझ्याकडे तोंड करून, कडेशी सरळ रेषेत. बाईंपुढे गृहपाठाची वही ठेवावी तसा.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पासपोर्ट हा माझ्या नोकरीतला सगळ्यांत कटकटीचा भाग होता. आखातातली, अल कुसैसमधली ही लहानशी फुटबॉल अकॅडमी, भाड्याची दोन मैदानं, आणि तिथे ॲडमिन, एचआर, चहा संपला तर चहा, सगळं मीच. मालकांची पद्धत अशी की स्टाफचे पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत ठेवायचे. कायद्याने ठेवता येत नाहीत, हे इथे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. म्हणून एक कागद तयार होता, 'मी स्वखुशीने हा पासपोर्ट कंपनीकडे सांभाळायला देत आहे.' स्वखुशीने, डोंबल! त्या कागदावर सही घ्यायला एकेका माणसाशी तास-तास हुज्जत घालावी लागे. आमचा ड्रायव्हर तर दोन दिवस तोंड फुगवून बसला होता. आणि इथे हा माणूस आपणहून देतोय. मी कागद पुढे केला, त्यांनी न वाचता सही केली. मी "थँक यू, कोच" म्हणाले आणि पासपोर्ट तिजोरीत टाकला.

"अहो, उचला तो, तुमचा आहे," एवढं वाक्य म्हणायला हवं होतं. पुण्याची आहे मी. नको तिथे नको ते बोलायला मला आयुष्यात कधी अडचण पडली नाही. नेमकी त्याच दिवशी जीभ टाळ्याला चिकटली.

हा माणूस कोण, हे मला पुढे दोन महिन्यांनी कळलं, तेही देऱ्याच्या जुन्या बाजारात. त्यांच्या कुठल्याशा कागदाचं भाषांतर करून शिक्का मारून घ्यायचा होता म्हणून मी त्यांना घेऊन गेले होते. एका दुकानाच्या दारातून एक टक्कल पडलेला गृहस्थ धावत बाहेर आला, कोचसमोर उभा राहिला आणि रडायलाच लागला. भर फुटपाथवर. त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडत होता, कोचचे दोन्ही हात धरून कपाळाला लावत होता. गिऱ्हाईकं बघायला लागली. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, तुम्हाला माहीत आहे का हे कोण आहेत? यांनी पाय उचलला की आमचा सगळा देश उठून उभा राहायचा."

मला काय माहीत! मला त्यांच्या शर्टाचा साइज माहीत होता.

परत येताना मी विचारलं, तर म्हणाले, "हो. खेळायचो." बस. पण त्यानंतर रोज चारच्या सुमाराला, ट्रेनिंगआधी, ते माझ्या केबिनमध्ये चहाला येऊन बसायला लागले आणि थोडं थोडं बोलायला लागले. आमचं बोलणं इंग्रजीत, त्यांचं मोडकं, माझं ऑफिसचं. पण माझ्या कानाला मात्र ते मला 'तू' म्हणतात आणि मी त्यांना 'तुम्ही' म्हणते असंच ऐकू यायचं.

त्यांचा देश तेव्हा कम्युनिस्ट. तिथे पैसे घेऊन खेळणारा खेळाडू असूच शकत नाही, सगळे कामगार. म्हणून कोच कागदोपत्री ट्रॅक्टरच्या कारखान्यात फिटर होते. बारा वर्षं. कारखान्यात ते वर्षातून एकदा जायचे, पाना हातात धरून फोटो काढायला. "पाना उलटा धरला तरी चालायचं," ते म्हणाले, "फोटो छापून यायचा." त्यांना दोन खोल्यांचं घर मिळालं, त्यात टेलिफोन मिळाला, आणि टेलिफोन लावणाऱ्यानेच जाताना हळूच सांगितलं की यावर फक्त हवापाण्याचं बोला. गाडीसाठी लोक दहा-दहा वर्षं थांबायचे, यांना महिन्यात मिळाली. खाटीक मागच्या दाराने मटण द्यायचा. नवीन वर्षाला संत्र्यांची पेटी यायची.

"मग मजाच होती की," मी म्हणाले.

"मजा होती," ते म्हणाले. "फक्त नाही म्हणायचं नाही."

आणि हे एकदा 'नाही' म्हणाले होते. पोलीस खात्याच्या मंत्र्याची स्वतःची टीम होती, तिच्यात बोलावणं आलं. यांना आपलं कारखान्याचं गाव सोडायचं नव्हतं. पंचविशीतली मस्ती, लोक डोक्यावर घेऊन नाचतायत, मला कोण काय करणार? म्हणाले, येत नाही. यांना कोणी काहीच केलं नाही. आठवड्याभरात यांच्या मोठ्या भावाची बदली झाली. भाऊ शाळेत फिजिक्स शिकवायचा, शहरात, चांगल्या शाळेत. त्याला उचलून सरहद्दीजवळच्या एका खेड्यात टाकलं, तिथे शाळा चौथीपर्यंतच. फिजिक्सचा मास्तर पोरांना बेरजा शिकवत बसला, एकोणीस वर्षं. त्याची बायको दोन हिवाळे राहिली आणि माहेरी निघून गेली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, मी म्हणाले. त्यांना अर्थ समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "नाही, आमच्याकडे चोराला माहीत असायचं, फाशी कोणामुळे झाली ते. तेच महत्त्वाचं."

भाऊ कधी एक शब्द बोलला नाही. नुसता दूर झाला. त्याला वाटलं, माझं आयुष्य याच्या माजापायी गेलं आणि हा तिकडे संत्री खातोय. आईच्या अंत्यविधीला दोघं शेजारी उभे राहिले तेव्हा म्हणे थंडी किती आहे यावर बोलले.

पण भावाला एक गोष्ट माहीत नव्हती. त्या बदलीनंतर दोन वर्षांनी यांची टीम पश्चिमेतल्या एका शहरात खेळायला गेली होती. परदेशात जाताना टीमबरोबर एक माणूस असायचा, उपप्रमुख म्हणून. त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. विमान उतरलं की तो सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करायचा आणि एका तपकिरी बॅगेत ठेवायचा. ती बॅग घेऊन जेवायचा, ती बॅग घेऊन झोपायचा. पुढेपुढे खेळाडू त्याच्या मागण्याची वाटही बघेनात, रांगेत आपणहून पुढे करायचे.

हे ऐकलं त्या दिवशी मला पहिल्या दिवसाचा उलगडा झाला. मी तिजोरीकडे बघितलंसुद्धा. आणि चहात साखर जास्त पडली का असं काहीतरी विचारलं. शाबास गं बाई!

तर त्या पश्चिमेतल्या शहरात, हॉटेलच्या लिफ्टमध्ये एका माणसाने यांच्या हातात कागद दिला. तिथल्या मोठ्या क्लबचा करार. सकाळी सहाला हॉटेलच्या किचनच्या दारातून बाहेर या, गाडी उभी असेल, पासपोर्टची काळजी करू नका, सगळं आम्ही बघतो. कोच पावणेसहाला किचनपर्यंत गेले. तिथे एक बाई बटाटे सोलत होती, तिने दाराकडे बोट दाखवलं. दार उघडं होतं, गाडी दिसत होती.

"आणि?"

"आणि माझ्या एका नाही म्हणण्यात भावाचं गाव गेलं होतं. मी पळालो असतो तर काय गेलं असतं? मी परत वर गेलो. दुपारी मॅच खेळलो. वाईट खेळलो."

ही गोष्ट त्यांनी भावाला कधीच सांगितली नव्हती. त्या वेळी सांगणं म्हणजे दोघांनाही तुरुंग. पुढे ते सरकार पडलं, पण तोवर दोघांमध्ये बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता म्हातारपणी भावाच्या मुलीने पुढाकार घेऊन दोघांचं फोनवर सुरू करून दिलं होतं. इथे नेहमीच्या ॲपवरून कॉल लागत नाही, म्हणून दुसरं ॲप मीच त्यांच्या फोनवर टाकून दिलं. दर शुक्रवारी ते माझ्या केबिनमधून भावाला फोन करायचे. भाषा कळत नसली तरी मला कळायचं की हवेबद्दल चाललंय, कारण कोच एसीकडे आणि खिडकीकडे हात करायचे.

"सांगून टाका की त्यांना," मी म्हणायचे. "दोन वाक्यांचं तर काम."

"फोनवर नाही," ते म्हणायचे. "आम्ही दोघं फोनवर खरं बोलूच शकत नाही. तोंडच उघडत नाही. समोर बसून सांगणार, सीझन संपला की. दोघंही म्हातारे आहोत, एकदा त्याला कळू दे की मी त्याच्यासाठी थांबलो."

सगळं आयुष्य एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. ते सांगायचं म्हणून हा माणूस जगत होता, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी सकाळी कोच ट्रेनिंगची वेळ नसताना आले. उभेच राहिले. पुतणीचा मेसेज आला होता. भाऊ हॉस्पिटलमध्ये, फुप्फुसं गेली, डॉक्टर म्हणतात दोन-चार दिवस. रात्रीच्या विमानात जागा होती.

"पासपोर्ट लागेल," ते म्हणाले. अगदी संकोचाने, वाटी-दोन वाटी साखर मागायला आलेल्या शेजाऱ्यासारखे.

"हो हो, लगेच," मी म्हणाले. "फक्त सरांचं अप्रूव्हल येऊ दे. मी आत्ता मेल टाकते."

मालक युरोपात सुट्टीवर होते. सुट्टीत त्यांना फोन केलेला आवडत नसे. मी मेल टाकला. विषय, कारण, किती दिवसांची रजा, बदली कोच कोण, सगळं मुद्देसूद. वर 'अर्जंट'ही लिहिलं. मला त्या मेलचा अभिमान वाटला होता, हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. दुपार झाली, उत्तर नाही. चार वाजता कोच आले, चहा घेतला नाही. "मेल?" "नॉट येट, कोच." रात्रीचं विमान गेलं.

शुक्रवारी अर्धा दिवस ऑफिस. ते सकाळीच येऊन बाहेरच्या बाकावर बसले, पोरांच्या बॅगा ठेवतात त्या. मी दोनदा मालकांना फोन लावला, बंद होता. तिसऱ्यांदा लावायचं धाडस झालं नाही, कारण दोन मिस्ड कॉल म्हणजे काम, तीन म्हणजे आगाऊपणा, असा माझा हिशोब. बारा वाजता मी ऑफिस बंद केलं. कोच उठून उभे राहिले. मी म्हणाले, "इन्शाल्ला, आज येईल उत्तर." तेही म्हणाले, "इन्शाल्ला." त्यांनी आवाज चढवला असता, टेबलावर हात आपटला असता, पोलिसांत जातो म्हणाले असते, तर मी त्या क्षणी तिजोरी उघडली असती. आमच्या ड्रायव्हरने तेच केलं असतं. पण या माणसाला आयुष्यभर शिकवलं होतं की पासपोर्ट मागायचा नसतो, मिळायचा असतो. आणि मला शिकवलं होतं की वरून आल्याशिवाय द्यायचा नसतो. कुठे तो कम्युनिस्ट देश आणि कुठे आमचं कोथरूड, पण जोडी काय छान जमली!

शनिवारी मी नवऱ्याबरोबर आणि मुलीबरोबर ड्रॅगन मार्टला पडदे घ्यायला गेले. तिजोरीची किल्ली माझ्या पर्समध्ये. पडद्यांच्या दुकानात असताना कोचचा मेसेज आला, एकच शब्द, 'मेल?' मी लिहिलं, 'मंडे, कोच.' मुलीने बघितलं. ती त्यांच्याच बॅचमध्ये खेळायची.

"ममा, बट इट्स हिज पासपोर्ट, नो?"

"तुला ऑफिसातलं काय कळतंय? प्रोसेस असते."

"यू हॅव द की."

"गप बस. रंग बघ, फिका घ्यायचा की गडद."

नवऱ्याने तेवढ्यात सांगितलं की उगाच नसत्या फंदात पडू नकोस, आपण बरं नि आपलं काम बरं. लग्न झाल्यापासून त्याने दिलेला हा एकच सल्ला, आणि मी तो नेहमी उडवून लावत आले. त्या दिवशी मात्र पटला. आम्ही फिके घेतले.

सोमवारी सकाळी मालकांचं उत्तर आलं होतं. चार छोटी वाक्यं. अर्थातच द्या. मला का विचारता? त्यांचाच पासपोर्ट आहे. त्यांना माझ्याकडून धीर द्या.

मी ते तीनदा वाचलं. मालकांच्या परवानगीशिवाय पासपोर्ट द्यायचा नाही, हे मला कोणी सांगितलं होतं? मी सगळे जुने मेल चाळले. नियमांची फाइल काढली. कुठेही नव्हतं. माझ्या आधीच्या ॲडमिनच्या वेळी एक अकाउंटंट रजेवर गेला तो परतलाच नाही, आणि त्यावरून मालक एकदा ओरडले होते, असं मी फक्त ऐकलं होतं. त्या ऐकीव ओरडण्यावरून मी मनातल्या मनात नियम केला, आणि चार दिवस तो पाळला.

पासपोर्ट घेऊन मी धावत मैदानावर गेले. कोच सावलीत बसून बॉलमध्ये हवा भरत होते. मला बघून पंप खाली ठेवला नाही.

"काल दुपारी गेला," ते म्हणाले.

मी रडायला लागले. सॉरी म्हणाले, दहा वेळा म्हणाले. शेवटी, काहीतरी बोलायचं म्हणून, "नियम होता हो, कोच," असंही म्हणाले.

"कुठला नियम?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी मालकांचा मेल त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून हळूहळू वाचला. फोन परत दिला. आणि मग पहिल्यांदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं. ओरडले नाहीत. पण पंप धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली होती.

"तो बॅगवाला माणूस," ते म्हणाले. "मी त्याचा द्वेष करायचो. पण एकदा परतीच्या विमानात तो माझ्या शेजारी बसून रडला. दोन मुली होत्या त्याला. आमच्यातला एक जरी पळाला असता तर तो संपला असता, मुलीही. त्याच्या मागे बंदूक होती. मला दिसायची ती. तुझ्या मागे कोण होतं?"

मी पासपोर्ट त्यांच्यापुढे धरला.

"मला खरंच समजून घ्यायचंय. तू चांगली बाई आहेस. तुला कशाची भीती होती?"

आणि माझ्या तोंडून खरं ते निघून गेलं. मी म्हणाले, "जूनमध्ये माझं अप्रेझल आहे."

त्यांना शब्द कळला नाही. मला तो समजावून सांगावा लागला. त्या उन्हात, त्या माणसाला, भाऊ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. मी सांगितलं की वर्षातून एकदा वरचा माणूस आपल्याबद्दल लिहितो, आपण कसे वागलो, काय चुकलो, आणि ते कायम ऑफिसात राहतं.

"अच्छा," ते म्हणाले. "फाइल."

पासपोर्ट घेऊन ते अंत्यविधीला गेले आणि आठवड्याने परत आले, कारण सीझन संपायचा होता आणि पोरांना शब्द दिला होता. ते मला टाकून बोलले नाहीत, त्यांनी मालकांकडे तक्रार केली नाही. रोज "गुड मॉर्निंग" म्हणायचे. चहाला मात्र परत कधी आले नाहीत. मी त्याच आठवड्यात तिजोरीतले सगळे पासपोर्ट काढून ज्याचे त्याला देऊन टाकले. बैल गेला आणि झोपा केला. मालकांनी विचारलंसुद्धा नाही. मेच्या शेवटी कोच कायमचे मायदेशी परत गेले, त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकली होती. तोंड दाखवायला जागा नव्हती.

जूनमध्ये अप्रेझल झालं. मालकांनी फॉर्म माझ्यासमोर भरला, भराभर, कुठेही न थांबता. सगळ्यांत वरची श्रेणी. कारणांच्या चौकटीत पहिलीच ओळ होती, नियमांचं काटेकोर पालन. मी सही केली. घरी नवऱ्याने श्रीखंड आणून ठेवलं होतं, मुलगी खोलीतून बाहेर आली नाही. त्याने मला मोठी वाटी भरून दिली आणि मी ती सगळी खाल्ली.